दोघांच्या सहीची योजना

सरकारने मला कृषी सहायक म्हणून नेमलं, पण हिंगोली जिल्ह्यात माझी खरी ओळख फोटोवाला अशी आहे. लग्नाचे फोटो काढणाऱ्याने जेवढे नवरदेव उभे केले नसतील, तेवढे शेतकरी मी उभे केले आहेत. कुणी पाईपशेजारी, कुणी पंपाशेजारी, कुणी कांदाचाळीच्या दारात. "जरा उजवीकडं सरका, मागची विहीर येऊ द्या. हसू नका, अनुदान हाय, साखरपुडा न्हाई!" हे माझं ठरलेलं वाक्य. त्यावर माणूस हमखास हसतो आणि फोटो बिघडतो. तरी ते म्हटल्याशिवाय मला राहवत नाही. अलीकडे आमच्या पदाचं नाव बदलून त्यात 'अधिकारी' हा शब्द घातला आहे. मी घरी जाऊन मोठ्या थाटात ही बातमी दिली. बायको म्हणाली, "मग आता येताना कोथिंबीर आनायची का न्हाई?"

शेताशी संबंध नसलेल्या वाचकांना हे फोटोप्रकरण समजावून सांगायला हवं. अनुदान म्हणजे साहेबाने खिशातून काढून दिलेले पैसे, असं खेड्यात वाटतं. शहरात वाटतं, फुकट वाटप चाललंय. प्रत्यक्षात सरकार आधी काहीच देत नाही. शेतकरी संगणक केंद्रावर जाऊन अर्ज करतो. नंबर लागला की मोबाईलवर मेसेज येतो. मग मुदतीत कागद चढवायचे, मंजुरी घ्यायची, वस्तू दुकानातून स्वतःच्या पैशाने आणायची आणि शेतात बसवायची. त्यानंतर रंगमंचावर माझा प्रवेश. याला मोका तपासणी म्हणतात. वस्तू खरंच आहे का, त्याच शेतात आहे का, आणि शेजारी उभा असलेला माणूस तोच आहे का, हे बघायचं आणि तिन्ही गोष्टी एका फोटोत आणायच्या. फोटोवर जागेचे आकडे आपोआप उमटतात. पुढे कधीतरी पैसे थेट बँकेत येतात. त्यातला रुपयाही माझ्या हाताला लागत नाही, हे मी माझ्या सासऱ्यांना आजवर पटवू शकलेलो नाही.

फोटो म्हटलं की माणसं नटतात. नरसीच्या बाजूला एका गृहस्थांनी तुषार संचासोबत फोटो काढायला लग्नातला कोट घातला होता. वैशाखातलं ऊन, अंगात कोट, आणि कोटाची बटणं काही केल्या पोटावर लागेनात. मी म्हटलं, "काका, सरकारला पाईप बघायचेत." ते म्हणाले, "पाईप सरकार बघंल. फोटो माझी मेव्हनी बघनार हाय." याउलट एक तुषार संच असा होता, की त्याची-माझी चांगली ओळख झाली होती. त्याच्या एका तोटीला कुणीतरी हिरव्या लुगड्याची चिंधी बांधली होती. हा संच मला एका गावात भेटला, मग शेजारच्या गावात भेटला, आणि तिसऱ्या शेतात दिसला तेव्हा मी त्याला हात जोडून रामराम घातला. शेतमालक खाली बघत म्हणाला, "सायब, पाव्हन्याचा हाय." मी म्हटलं, "पाव्हण्याला घरी सोडून या, स्वतःचा आणा, मग बोलवा." तो राग न धरता चहा घेऊन आला. असे दिवस गेले आहेत, आणि मजेत गेले आहेत.

पण दिवाळीला घराची झाडलोट करताना सगळ्यात जड पेटी जशी शेवटी ओढावी लागते, तशी माझ्या नोकरीतली एक गोष्ट आहे. तिच्यात कुणी फसवलं नाही, कुणी लाच मागितली नाही, काम वेळेत झालं, पैसे बरोबर आले. तरी ती आठवली की माझ्या तोंडून विनोद निघत नाही.

सेनगावच्या पुढे, वाशीमच्या हद्दीकडे माझ्याकडचं एक गाव. तिथे दोन सख्खे भाऊ, तातेराव आणि भुजंग. तातेराव थोरले, साठी ओलांडलेले. भुजंग त्यांच्याहून बराच धाकटा. जमीन वडिलांची, कसायला वाटून घेतलेली, पण सातबाऱ्यावर दोघांची नावं अजून एकत्र. विहीरही एकत्र. विहिरीत मोटारी दोन, पण झरा एकच, म्हणून एक दिवस थोरल्याची मोटार चालायची, एक दिवस धाकट्याची. याला पाळी म्हणतात.

आणि दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. कारण होतं पाखऱ्या नावाचा बैल. तातेरावांनी तो बाजारात नेऊन विकला आणि भुजंगला विचारलं नाही. भुजंगने तो वासरू असल्यापासून वाढवला होता. संध्याकाळी दावणीला मोकळा दोर बघून तो जो गप्प झाला, तो झालाच. पुढे दोन्ही घरांत लग्नं झाली, बारशी झाली. जावा एकमेकींकडे पुरणाची ताटं पाठवत राहिल्या. भाऊ मात्र बोलले नाहीत.

अशात भुजंगचा ठिबकसाठी नंबर लागला. हरभरा फुलोऱ्यात होता. पुढच्या मृगाला त्याला हळद लावायची होती, आणि आमच्याकडे हळद म्हणजे वर्षभर पाणी मागणारं लाडावलेलं पीक. पाळीच्या पाण्यावर ती जगली नसती. ठिबक झालं तर हळद, नाहीतर पुन्हा सोयाबीन आणि देवाची मर्जी, असा मामला. भुजंग मोबाईल नाचवत माझ्याकडे आला. मी कागदांची नावं सांगत गेलो, तो माना हलवत गेला. शेवटी मी म्हणालो, "आणि सामायिक विहीर आहे, म्हणून भावाचं सहमतीपत्र."

त्याची मान थांबली.

"त्येच्याशिवाय होत न्हाई का?"

"न्हाई होत."

"मग सही तुमी आना, सायब. मी काई त्यायच्या दारात जानार न्हाई."

मी तातेरावांकडे गेलो. त्यांनी बाज टाकली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. ठिबकची नळी केवढी असते, पाणी किती वाचतं, तेही विचारून घेतलं. मग म्हणाले, "द्यायची की सही. काहून न्हाई द्यायची? फकस्त त्यानं येऊन एकदा इचारावं. 'दादा, सही देता का.' बस."

मला ही अट फार गोड वाटली. एवढीशी तर गोष्ट! मी स्वतःला मोठा मध्यस्थ समजत होतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात मी शिष्टाई करणारा कृष्ण झालो होतो, तेव्हाचा मुकुट पुन्हा डोक्यावर चढल्यासारखं वाटलं. ठरवलं, पाळी बदलायच्या वेळी विहिरीवरच दोघांना गाठायचं.

विहिरीवर गेलो आणि मला पहिल्यांदा कळलं की या दोघांची रीत काय आहे. ज्याची पाळी संपायची, त्याने मोटार बंद करून निघून जायला हवं. दुसऱ्याने नंतर यायला हवं. पण तातेराव पाळीच्या बरेच आधी येऊन लिंबाखाली बसायचे. आणि भुजंग पाळी संपली तरी जात नसे. कधी पाईप धुवायचा, कधी खोऱ्याला धार लावायचा. दोघांची तोंडं दोन दिशांना. जवळपास रोज, न बोलता, बराच वेळ. शेजारचे शेतकरी म्हणायचे, एकमेकांवर पहारा करून राहिले, कोणी जास्तीचं पाणी घेऊ नये म्हणून. मीही तेच समजलो.

मी दोघांच्या मधोमध उभा राहिलो. तातेरावांनी सुरुवात केली, माझ्याकडे बघून.

"सायब, त्येला सांगा, नळ्या टाकताना उताराला आडव्या टाक. उभ्या टाकल्या तर खालच्या अंगाला चिखल, अन् वरचं कोरडं."

मी मान वळवली. "भुजंगराव, ते म्हणतात..."

"आयकलं. त्यायला सांगा, कंपनीचा मानूस येनार हाय मापं घ्यायला."

"तातेराव, कंपनीचा..."

"कंपनीच्या मानसानं हे रान कधी नांगरलं का, इचारा."

"नांगरलं नसंल, पर शिकेल हाय तो."

"शिकेल मानूस भुईला बुड टेकून रानाचा उतार बघत नसतो, म्हनावं."

मी टेनिसचा सामना बघणाऱ्यासारखा मान हलवत होतो. दोघांमध्ये चार हातांचं अंतर. मधे मी नसतो तरी प्रत्येक शब्द ऐकू गेला असता. मग भुजंगने तंबाखू मळली आणि माझ्यापुढे हात केला. मी तंबाखू खात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. क्षणभर गोंधळलो. मग चिमूट माझ्या तळहातावर घेतली आणि हात तसाच दुसरीकडे नेला. तातेरावांनी हरभऱ्याकडे बघत ती उचलली आणि ओठाखाली ठेवली.

मला वाटलं, आता जमलं. मी गळा साफ केला. "मग, सहीचं?"

"इचारावं त्यानं," तातेराव म्हणाले.

"इथंच हुबा हाय की मी," भुजंग म्हणाला.

"मला काई ऐकू आलं न्हाई. तुमाला आलं का, सायब?"

भुजंग तडकला. "सांगा त्यायला, पाखऱ्या इकताना मला इचारलं व्हतं का?"

यावर मी मान वळवायच्या आतच तातेराव बोलले, आणि माझ्याकडे न बघता बोलले. "त्याचा पाय कामातून गेला व्हता. तुला इचारलं असतं तर तू इकू दिला नसता. दावनीला बसून मेला असता तो, अन् तू बसला असता त्याच्यापाशी."

'तू' म्हणाले. एवढ्या वर्षांनी थेट. भुजंगच्या हातातलं खोरं तसंच राहिलं. पण तातेरावांच्याही ते ध्यानात आलं. चेहरा एकदम बदलला, आणि ते घाईने माझ्याकडे वळून म्हणाले, "सांगा त्येला."

भुजंगने खोरं खांद्यावर टाकलं आणि निघून गेला. त्या दिवशी पाईप धुवायला थांबला नाही.

त्यानंतर मी पुष्कळ खेपा घातल्या. भुजंग म्हणायचा, "मुदत संपू द्या, जाऊ द्या अर्ज, पर मी इचारनार न्हाई." तातेराव म्हणायचे, "त्येला काहून एवढं जड जातं?" दोघांच्याही घरी चहा मिळायचा, दोघांच्याही घरी दुसऱ्याची चौकशी व्हायची. त्याचा खोकला कमी झाला का. त्यांनी डोळ्याचं दाखवलं का. मी निरोप पोचवायचो, आणि खरं सांगतो, मजा घ्यायचो. घरी आल्यावर बायकोला दोघांचे आवाज काढून दाखवायचो.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी सेनगावला ऑफिसात होतो. भुजंगच्या अर्जावर मी मनातल्या मनात पाणी सोडलं होतं. दुपारी दारात तातेराव उभे. स्वच्छ धोतर, डोक्याला पटका, जीपच्या धुळीने मिशा पांढऱ्या. हातात स्टॅम्पपेपर, लिहून घेतलेला. मी उडालोच.

"विचारलं का त्याने?"

"न्हाई."

"मग?"

ते खुर्चीच्या कडेला बसले. "इचारलं असं धरलं मी. आज न्हाई केली सही तर त्याची हळद जाईल. कुठं करू, दाखवा."

त्यांनी सावकाश, जोर देऊन सही केली. मग पेन झाकण लावून परत दिलं आणि म्हणाले, "त्येला सांगू नका मी आलतो म्हून. पोस्टानं आलं म्हना."

असल्या गोष्टी आमच्या तालुक्यात लपत नाहीत. जीप त्याच गावची, आणि ड्रायव्हर माझ्याहून बोलका. संध्याकाळपर्यंत भुजंगला कळलं. तो दुसऱ्या दिवशी आला, बराच वेळ माझ्या टेबलावरचं पेपरवेट फिरवत बसला. "त्यायला सांगा..." म्हणाला, आणि थांबला. "न्हाई, ऱ्हाऊ द्या. मीच काईतरी करतो त्यायच्यासाठी."

मृगाआधी ठिबक बसलं. मी तपासणीला गेलो. नळ्या उताराला आडव्या टाकलेल्या होत्या, हे मी पाहिलं. भुजंग नव्या शर्टात फोटोला उभा राहिला. पैसे आले. हळद अशी तरारली की रस्त्याने जाणारी एसटीतली माणसं माना बाहेर काढून बघायची.

आणि भुजंगने म्हटल्याप्रमाणे भावासाठी काहीतरी केलं. ठिबकमुळे त्याला पाणी थोडं लागायचं. त्याने आपल्या पाळीतलं निम्म्याहून जास्त पाणी तातेरावांना सोडून दिलं. निरोप माझ्याच हाती दिला: "त्यायला सांगा, गव्हाला मनसोक्त पानी द्या, माझी अडचन न्हाई." वर, थोरल्या भावाला आपल्यासाठी ताटकळत बसावं लागू नये म्हणून स्वतःच्या मोटारीला मोबाईलचा स्टार्टर बसवला. घरातून बटण दाबलं की मोटार सुरू, पुन्हा दाबलं की बंद. विहिरीवर यायचं कामच उरलं नाही. मी त्याची पाठ थोपटली. अशी परतफेड मी पाहिली नव्हती. सही मिळाली नसती तर एक भाऊ सुकला असता. आता दोघांची रानं हिरवी होती. कृषी खात्याच्या भाषेत याला यशोगाथा म्हणतात. मी ती लिहून वर पाठवलीसुद्धा.

हरभरा पुन्हा फुलोऱ्यात आला तेव्हा मी शेजारच्या शेतात तपासणीला गेलो होतो. तातेराव लिंबाखाली एकटे बसलेले दिसले. मला बघून हात केला. जाऊन बसलो.

"काय तातेराव, मजा आहे! पाणीच पाणी!"

"व्हय. पानी लई हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "त्याची मोटार आपसूक सुरू होती. मानूस न्हाई, काई न्हाई. दचकायला होतं."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"सायब, तुमाला सगळ्या योजना पाठ असत्यात. दुसरी एखादी योजना हाय का, जिच्यात दोघांची सही लागती?"

मी सवयीने सुरू झालो: शेततळं, कांदाचाळ, शेडनेट, पाईपलाईन. एकेक नाव घेत गेलो, आणि बोलता बोलता मला उमगलं की हा माणूस काय मागतो आहे. पाळीच्या आधी येऊन बसणं, पाळी संपल्यावर रेंगाळणं, उताराची भांडणं, माझ्या हातावरून गेलेली तंबाखू. पहारा नव्हता तो. त्यांचा संसार चालला होता तो, त्यांच्या रीतीने. पाणी कमी होतं म्हणून चालला होता. आमच्या योजनेने पाणी वाचवलं.

"तुमी स्वतः ठिबकचा अर्ज करा," मी म्हणालो. "त्याला भुजंगची सहमती लागेल."

त्यांचे डोळे चमकले. "मग त्येला इचारावं लागंल."

"व्हय."

"मी इचारीन," ते म्हणाले. "मला काई जड न्हाई. पर आधी तुमी कानावर घाला. एकदम गेलो तर बिचकल."

मी मोटारसायकल काढली आणि थेट भुजंगच्या घरी गेलो. आजवर एवढ्या घाईने मी जिल्हाधिकाऱ्यांच्या बैठकीलाही गेलो नसेन. भुजंग ओट्यावर उपटून आणलेले हळदीचे कंद बघत बसला होता. मी सांगितलं, तातेरावांना ठिबक करायचंय, तुमची सही लागते, ते विचारायला येणार आहेत.

त्याचं तोंड फुललं. "सही? देतो की! त्यायनं मला इचारायची काय गरज? त्यायनं तरी माझ्या इचारन्याची वाट बघितली का?" तो उठून उभाच राहिला. "तुमी कागद तयार करा, सायब, अन् हितंच घेऊन या. मी डोळे मिटून करतो सही. गुडघे दुखतेत त्यायचे, एवढ्या दूर चालत यायची तकलीफ कशाला? सांगा त्यायला, यायचं न्हाई."

मी समजावलं. म्हटलं, भुजंगराव, त्यांना ठिबक नकोय, त्यांना यायचंय. तो माझ्याकडे गोंधळून बघत राहिला. "ठिबक नको, तर मग येऊन काय करनार?" शंभर योजना मी शंभर प्रकारे समजावून दिल्या आहेत. ही एवढी एक गोष्ट मला त्याला सांगता आली नाही. दोनदा, तीनदा सांगितली. प्रत्येक वेळी त्याला भावाच्या गुडघ्यांचीच जास्त काळजी वाटत गेली.

लिंबाखाली तातेराव तसेच बसले होते. पटक्यावरची धूळ झटकून, वाट बघत. मी निरोप दिला, पदरचा एकही शब्द न घालता: सही देतो म्हणाला, विचारायची गरज नाही, गुडघे दुखतात, यायची तकलीफ घेऊ नका.

"असं म्हनला? तकलीफ घेऊ नका?"

"व्हय."

"गुडघ्याचं ध्यानात हाय त्येच्या?"

"तोच म्हणाला. त्याच्याच तोंडाने."

त्यांनी ते वाक्य मला आणखी एकदा म्हणायला लावलं. मी म्हटलं, या वेळी आवाज काढून दाखवला नाही. ते मान डोलवत राहिले. "ल्हानपनापासून तसंच हाय ते. मला ताप आला की माझ्या वाट्याच्या म्हशी चारायला सोडायचं, कोनी न सांगता."

"मग करायचा का अर्ज?"

"कशाला? पानी लई हाय मला."

पलीकडे विहिरीवर भुजंगची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला. तातेराव गुडघ्यावर हात टेकून उठले. "बघून येतो," म्हणाले, "पानी बराबर चढून राहिलं का त्याचं." आणि कुणी नसलेल्या विहिरीकडे चालू लागले.